अमेरिकेत बंदूक घेताना 'डिलेड' आलं तर: नव्याने स्थायिक झालेल्या मराठी माणसांसाठी

दुकानदार संगणकाकडे बघून 'डिलेड' म्हणाला की आपल्यापैकी अनेकांचा चेहरा उतरतो. आडनाव परदेशी, उच्चार परदेशी, आणि त्यात हे. म्हणून आधीच सांगते, डिलेड हा आरोप नाही आणि नकारही नाही. विक्रीआधी तुमची सरकारी तपासणी होते; ती करणाऱ्याला अजून पक्कं उत्तर मिळालेलं नाही, एवढाच त्याचा अर्थ. खरी भानगड उभी राहते ती त्यानंतरच्या घाईतून. कुणी लगेच दुसरं दुकान गाठतं, कुणी फॉर्मवरचं उत्तर फिरवून पुन्हा भरतं, कुणी नागरिक असलेल्या मित्राला 'तू घे ना माझ्यासाठी' म्हणतं. आपल्यातले बरेच जण अजून नागरिक झालेले नाहीत. त्यांच्यासाठी बंदुकीपेक्षा ग्रीन कार्ड कितीतरी मोलाचं आहे, आणि पुढचं सगळं मी त्याच हिशेबाने सांगणार आहे.

आधी हे बघा: तुम्हाला घेता येते का?

फेडरल कायद्यानुसार 'नॉनइमिग्रंट', म्हणजे तात्पुरत्या मुक्कामाच्या, व्हिसावर आलेल्या माणसाला बंदूक किंवा काडतुसं विकत घेता येत नाहीत आणि जवळ बाळगताही येत नाहीत. एच-१बी, एल-१, एफ-१, एच-४ आणि आईवडील येतात तो बी-२, हे सगळे यात आले. १९९८ पासून हा नियम आहे. अपवाद मोजके आहेत. त्यातला नेहमी सांगितला जाणारा अपवाद शिकारीच्या लायसन्सचा. अमेरिकेतल्या एखाद्या राज्याने दिलेलं आणि मुदत न संपलेलं लायसन्स असेल, तर एच-१बीवाल्यालाही कायदेशीरपणे बंदूक घेता येते. तरीही वकिलाला विचारल्याशिवाय या वाटेने जाऊ नका असंच मी म्हणेन. लायसन्सची मुदत एका रात्रीत संपते, बंदूक मात्र घरात तशीच राहते, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तोच ताबा बेकायदा झालेला असतो.

'विकत घेत नाही हो, रेंजवर भाड्याने घेऊन चार गोळ्या झाडतो' हेही चालत नाही. हातात घेतली की कायद्याच्या लेखी तो ताबाच. २०१९ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गाजलेला रहैफ खटला इथूनच सुरू झाला. फ्लोरिडात विद्यार्थी व्हिसावर आलेला एक तरुण, विद्यापीठाने काढून टाकल्यावर कायदेशीर दर्जा गेलेला, तो रेंजवर जाऊन गोळीबाराचा सराव करून आला आणि त्याच्यावर फेडरल गुन्हा दाखल झाला. आपला दर्जा काय आहे हे आरोपीला माहीत होतं, हे सरकारने सिद्ध केलं पाहिजे, असं न्यायालयाने शेवटी सांगितलं. पण तिथवर पोचेपर्यंत त्या माणसाची वर्षं गेली. ऑफिसच्या टीमबरोबर 'मजा म्हणून' रेंजवर जाणाऱ्या एच-१बीवाल्यांनी आणि उन्हाळ्यात आलेल्या आईबाबांना हौसेने रेंजवर नेणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. घरात तुमची बंदूक असेल, तर तिजोरीची किल्ली किंवा आकडा नॉनइमिग्रंट व्हिसावरच्या पाहुण्याला देऊ नका.

ग्रीन कार्ड असलेल्या माणसाला बंदूक घेता येते. आय-४८५ हा ग्रीन कार्डचा अर्ज भरलाय, ईएडी हे काम करण्याच्या परवानगीचं कार्ड हातात आलंय, म्हणजे ग्रीन कार्ड आलं असं मात्र धरू नका. कार्ड येईपर्यंत थांबा.

बाकीच्या आडकाठ्या नागरिक आणि बिगरनागरिक दोघांनाही सारख्याच आहेत. एक वर्षापेक्षा जास्त शिक्षा होऊ शकते अशा गुन्ह्यात दोषी ठरलेला माणूस अपात्र. घरगुती हिंसाचाराच्या किरकोळ गुन्ह्यात दोषी ठरलेलाही १९९६ पासून अपात्र. कोर्टाने जोडीदाराला संरक्षण देणारा आदेश काढला असेल तर तो लागू असेपर्यंत बंदी. ही बंदी २०२४ साली सर्वोच्च न्यायालयाने रहीमी खटल्यात कायम ठेवली. गांजाचं तर विशेष जपा. तुमच्या राज्यात तो दुकानात उघड मिळत असेल, पण बंदूक घेताना भरायच्या फेडरल फॉर्मवर त्याबद्दल स्पष्ट इशारा छापलेला आहे. बिगरनागरिकाला त्यातून इमिग्रेशनचाही त्रास होतो.

राज्याचं घड्याळ आणि एफबीआयचं घड्याळ

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो, म्हणून जरा सावकाश बघू. बॅकग्राउंड चेक वेगळा आणि वेटिंग पिरियड वेगळा. चेक म्हणजे तुम्ही पात्र आहात का याची, सहसा एफबीआय या केंद्रीय तपास संस्थेकडून होणारी तपासणी. ती देशभर आहे. वेटिंग पिरियड म्हणजे तुम्ही पात्र ठरलात तरी ठरावीक दिवस थांबायचं, आणि हे फक्त काही राज्यांत आहे. सर्वसाधारणपणे दोन्ही घड्याळं एकाच वेळी चालू असतात आणि बंदूक हातात यायला दोन्ही संपावी लागतात. चेक दहा मिनिटांत 'प्रोसीड' झाला, म्हणजे विक्रीला हिरवा कंदील मिळाला, म्हणून कॅलिफोर्नियात दहा दिवसांचे नऊ होत नाहीत.

कॅलिफोर्नियात १० दिवस, तेही चोवीस तासांचे दहा पूर्ण. वॉशिंग्टन राज्यात १ जानेवारी २०२४ पासून १० कामकाजाचे दिवस, म्हणजे दिनदर्शिकेवर दोन आठवडे. हवाईत १४ दिवस. इलिनॉयमध्ये ७२ तास, आणि त्याआधी एफओआयडी, म्हणजे राज्याचं बंदूकधारकाचं ओळखपत्र, काढलेलं असायला हवं. फ्लोरिडात शनिवार-रविवार आणि सुट्ट्या सोडून ३ दिवस. कोलोरॅडोत ऑक्टोबर २०२३ पासून ३ दिवस. टेक्सस, जॉर्जिया, ॲरिझोना इथे वेटिंग पिरियड नाही. न्यू जर्सीत, म्हणजे आपली वस्ती जिथे दाट आहे तिथे, थांबणं दुकानात नसून पोलिसांकडे असतं. आधी बंदूक खरेदीचं ओळखपत्र, आणि पिस्तुलासाठी प्रत्येक वेळी वेगळं परमिट. अर्जाचा निकाल ३० दिवसांत द्यावा असं कायदा म्हणतो. पण गावागणिक अनुभव वेगळा, तेव्हा जास्त दिवस धरूनच चला.

हे नियम कोर्टाच्या निकालांनी आणि नव्या कायद्यांनी बदलत राहतात. पैसे भरण्याच्या आठवड्यातच तुमच्या राज्याच्या सरकारी संकेतस्थळावर एकदा खात्री करा. यूट्यूबवरचा गडी बहुधा दुसऱ्याच राज्यातला असतो.

वेटिंग पिरियड हा निव्वळ छळ आहे असं म्हणणारे खूप भेटतील. मला तसं वाटत नाही. अमेरिकेत बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंपैकी निम्म्याहून जास्त आत्महत्या असतात, आणि तो टोकाचा क्षण बहुतेकदा टळून जाणारा असतो. रागाचंही तसंच. स्वतःच्या किंवा घरातल्या कुणाच्या मनाची अवस्था ठीक नसेल तर खरेदी पुढे ढकला आणि ९८८ या हेल्पलाइनवर फोन करा. बंदूक नंतरही मिळेल.

कागदपत्रं आणि आपलं तिहेरी नाव

दुकानात फोटो असलेलं सरकारी ओळखपत्र लागतं. त्यावर नाव, जन्मतारीख आणि राहता पत्ता हवा. टपालपेटीचा पत्ता चालत नाही. घर बदललं असेल आणि ड्रायव्हिंग लायसन्सवर जुनाच पत्ता असेल, तर नवा पत्ता दाखवणारं दुसरं सरकारी कागदपत्र, उदाहरणार्थ गाडीचं रजिस्ट्रेशन, सोबत न्या. त्यापेक्षा आधी डीएमव्हीत, म्हणजे ड्रायव्हिंग लायसन्सच्या कार्यालयात, पत्ता बदलून घेतलेला बरा. ग्रीन कार्ड न्याच, कारण फॉर्मवर त्यावरचा एलियन नंबर लिहावा लागतो.

आता नावाचं. आपल्या पासपोर्टवर बऱ्याचदा 'गिव्हन नेम'च्या रकान्यात स्वतःचं आणि वडिलांचं नाव एकत्र छापलेलं असतं. मग ग्रीन कार्डावर ते तसंच उतरतं, डीएमव्हीचा कारकून वडिलांचं नाव मधल्या रकान्यात टाकतो, आणि सोशल सिक्युरिटी कार्डावर ते गायबच होतं. लग्नानंतर आडनावाबरोबर मधलं नावही बदललेल्या बायकांच्या बाबतीत तर एकाच बाईची तीन-चार नावं निरनिराळ्या नोंदींत पसरलेली असतात. नाव आणि जन्मतारीख यांवरच शोध घेतला जातो, त्यामुळे हा विस्कळीतपणा थेट डिलेडला आमंत्रण देतो. दुकानात जाण्याआधी ही कार्डं टेबलावर शेजारी शेजारी मांडून ताडून पाहा आणि जे दुरुस्त होण्यासारखं आहे ते करून घ्या.

फॉर्मवर पूर्ण कायदेशीर नाव लिहायचं. मधलं नाव नसेल तर रकाना रिकामा सोडायचा नाही. तिथे 'एनएमएन' ही अक्षरं लिहायची. मधल्या नावाच्या जागी कायदेशीररीत्या फक्त आद्याक्षरच असेल, तर अक्षरापुढे 'आयओ' लिहायचं. लायसन्सवर 'व्ही.' इतकंच छापलंय म्हणून ते कायदेशीर नाव होत नाही.

काउंटरवर: फॉर्म ४४७३

परवानाधारक दुकानदाराकडून कुठलीही बंदूक घेताना हा एटीएफचा, म्हणजे बंदुकांवर देखरेख करणाऱ्या केंद्रीय संस्थेचा, फॉर्म भरावा लागतो. ऑनलाइन मागवली तरी ती तुमच्या गावच्या परवानाधारक दुकानातच येते आणि फॉर्म तिथेच भरायचा असतो. वयाची अट रायफल-शॉटगनसाठी १८ आणि पिस्तुलासाठी २१. काही राज्यांत सरसकट २१. पिस्तूल स्वतःच्या राज्यातच घ्यायचं.

फॉर्म लांब आहे, पण तीन ठिकाणी हात थांबवा.

पहिलं, नागरिकत्व. ग्रीन कार्डधारकाने तिथे भारत लिहायचं. घाईत 'युनायटेड स्टेट्स'वर खूण झाली तर ती नुसती चूक म्हणून सोडून दिली जाईल असं गृहीत धरू नका. नागरिकत्वाचा खोटा दावा हा इमिग्रेशन कायद्यातल्या सगळ्यात जड आरोपांपैकी एक आहे आणि त्यातून सुटकेच्या वाटा फार थोड्या. अमेरिकी नागरिक झालेल्या आणि ओसीआय (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांचं कार्ड) घेतलेल्यांनी फक्त अमेरिका लिहावं. ओसीआय म्हणजे दुहेरी नागरिकत्व नाही.

दुसरं, 'खरा खरेदीदार तुम्हीच का?' हा प्रश्न. एच-१बीवरच्या मेहुण्याच्या पैशाने त्याच्यासाठी बंदूक घेऊन 'हो' लिहिलंत, तर ती 'स्ट्रॉ पर्चेस' झाली. २०२२ च्या कायद्याने तिला १५ वर्षांपर्यंत कैद आहे. मैत्रीखातर, भिडेखातर हे करू नका.

तिसरं, सोशल सिक्युरिटी नंबर. तो ऐच्छिक आहे. मी मात्र लिहाच म्हणेन, कारण नावसाधर्म्याचा घोळ टाळायला त्याइतकं उपयोगी दुसरं काही नाही. जोशी आणि पाटील आता इथेही कमी राहिलेले नाहीत.

एखादं उत्तर चुकलं असं लक्षात आलं तर तिथल्या तिथे दुकानदाराला सांगा. खोडून, शेजारी आद्याक्षरं आणि तारीख घालून ते दुरुस्त करता येतं. प्रश्न समजला नाही तर सही न करता घरी या आणि वकिलाला विचारा.

पैसे देण्याआधी दुकानदाराला दोन गोष्टी विचारून ठेवा. नकार आला तर पैसे पूर्ण परत मिळतात का, की काही कापून घेता? आणि डिलेड येऊन तीन दिवस उलटले तर तुम्ही बंदूक देता का, की 'प्रोसीड' येईपर्यंत थांबता? या दुसऱ्या प्रश्नाचं महत्त्व पुढे कळेल.

पडद्यामागे काय चालतं

ही तपासणी करणारी यंत्रणा एनआयसीएस. बोलताना सगळे 'निक्स' म्हणतात. १९९३ च्या ब्रेडी कायद्यातून ती जन्माला आली आणि ३० नोव्हेंबर १९९८ ला सुरू झाली. एफबीआयचं तिचं कार्यालय वेस्ट व्हर्जिनियातल्या क्लार्क्सबर्गला आहे. कॅलिफोर्निया, इलिनॉय, पेनसिल्व्हेनिया अशी काही राज्यं हा चेक स्वतःच्या यंत्रणेमार्फत करतात.

दुकानदाराने माहिती पाठवली की तीन ठिकाणी शोध होतो: देशभरची वॉरंट आणि संरक्षण आदेश यांची नोंद, राज्याराज्यांतल्या अटका-खटल्यांचा निर्देशांक, आणि निक्सची स्वतःची अपात्र लोकांची यादी. तुम्ही नागरिक नसाल तर चौथा शोध लागतो, इमिग्रेशनच्या नोंदींचा, आणि तो आयसीई या इमिग्रेशन कायदा राबवणाऱ्या संस्थेकडून होतो. म्हणजे बिगरनागरिकाच्या तपासणीत एक पायरी जास्त आहे, आणि ती पायरी कधी कधी वेळ खाते. ग्रीन कार्डवाल्यांनी डिलेड गृहीत धरूनच दुकानात जावं.

दुसरं मोठं कारण म्हणजे अर्धवट नोंदी. समजा आठ वर्षांपूर्वी दुसऱ्या राज्यात एखाद्या भांडणावरून अटक झाली आणि महिन्याभरात केस काढून टाकली गेली. अटकेची नोंद निर्देशांकात लगेच चढली, 'डिसमिस्ड' हा शेरा मात्र त्या काउंटीने कधी पाठवलाच नाही. आता एफबीआयच्या माणसाला त्या कोर्टाशी संपर्क करून तो कागद मिळवावा लागतो. असं काही तुमच्या बाबतीत घडलेलं असेल, तर कोर्टाच्या क्लार्ककडून निकालाची सहीशिक्क्याची प्रत आधीच मागवून ठेवा. हीच प्रत उद्या नागरिकत्वाच्या अर्जालाही लागणार आहे.

डिलेड आलं. आता दिवस मोजायचे कसे?

दुकानदार तुम्हाला व्यवहाराचा क्रमांक देईल, एनटीएन. तो लिहून घ्या, फोनमध्ये फोटोही काढा. पुढचं सगळं या क्रमांकावर चालतं.

एफबीआयला तीन कामकाजाचे दिवस मिळतात. ज्या दिवशी चेक पाठवला तो दिवस धरायचा नाही. राज्य सरकारची कार्यालयं बंद असतात ते दिवसही नाहीत. गुरुवारी चेक गेला तर शुक्रवार, सोमवार, मंगळवार हे तीन दिवस, आणि बुधवारपासून फेडरल कायदा दुकानदाराला अडवत नाही. मध्ये सोमवारी लेबर डे आला तर गुरुवार. खरेदीदार २१ वर्षांखालचा असेल आणि अल्पवयातल्या नोंदींत शंका निघाली, तर २०२२ च्या कायद्यानुसार मुदत १० कामकाजाच्या दिवसांपर्यंत वाढते. कॉलेजात गेलेल्या मुलामुलींच्या पालकांनी हे ध्यानात घ्यावं.

तीन दिवसांनंतर काय? उत्तर आलंच नाही तर दुकानदार बंदूक देऊ शकतो. देऊ शकतो, द्यावीच लागते असं नाही. अनेक मोठी दुकानं 'प्रोसीड' आल्याशिवाय देतच नाहीत. शिवाय राज्याचा कायदा कडक असेल तर या तीन दिवसांना तिथे अर्थच उरत नाही. २०१५ साली चार्ल्स्टनच्या इमॅन्युएल चर्चमध्ये नऊ माणसं मारणाऱ्याला बंदूक मिळाली ती याच फटीतून. त्याचा चेक अनिर्णित राहिला होता आणि मुदत उलटल्यावर विक्री झाली. दुकानदार नाही म्हणाला तर त्याच्याशी वाद घालू नका, त्याचीही बाजू आहे.

ग्रीन कार्डधारकांना माझा सल्ला असा की दुकानदार तयार असला तरी 'प्रोसीड'ची वाट बघा. बंदूक घरी आली आणि नंतर 'डिनाइड', म्हणजे नकार, आलं, तर ती परत न्यायला एटीएफचे लोक दारात येतात. अशा भेटीची नोंद आपल्या फाइलजवळपासही नको. मात्र चेक ३० दिवसांपुरताच वैध असतो; त्यात व्यवहार पुरा झाला नाही तर नव्याने चेक करावा लागतो, हे दिवस मोजताना लक्षात असू द्या.

दर वेळी डिलेडच येत असेल तर

'प्रोसीड' झालेल्या खरेदीदाराची ओळख पटवणारी माहिती एफबीआयला चोवीस तासांत नष्ट करावी लागते. त्यामुळे मागच्या वेळी सगळं तपासून तुम्ही निर्दोष ठरलात, ही गोष्ट पुढच्या वेळी यंत्रणेला आठवत नाही. पुन्हा तोच नावसारखा माणूस, पुन्हा तोच शोध.

यावर उपाय आहे. एफबीआयच्या 'व्हॉलंटरी अपील फाइल'साठी अर्ज करा. अर्जाला पैसे पडत नाहीत. बोटांचे ठसे आणि कागदपत्रं द्यावी लागतात, आणि तुमची माहिती जपून ठेवायची परवानगी तुम्ही स्वतःहून देता. मान्य झालं की यूपीआयएन नावाचा क्रमांक मिळतो. पुढच्या प्रत्येक फॉर्मवर तो लिहायचा. चेक तरीही होतोच, पण तुम्ही तो दुसरा माणूस नाही हे लगेच कळतं. नावसाधर्म्याने गांजलेल्यांनी पहिल्या-दुसऱ्या डिलेडनंतरच हा अर्ज टाकावा.

'डिनाइड' आलं तर

त्या दिवशी दुसऱ्या दुकानात जायचं नाही. नकाराची खबर आता स्थानिक पोलिसांनाही २४ तासांत दिली जाते. दुकानदाराला कारण माहीत नसतं, त्याला विचारून उपयोग नाही. एनटीएन घेऊन एफबीआयकडे कारण मागा. पाच कामकाजाच्या दिवसांत ते कळवलं पाहिजे असा नियम आहे. चूक असेल तर आव्हान द्या. त्यावर ६० दिवसांत निर्णय द्यायचा असतो. चेक राज्याने केला असेल तर अपील राज्याकडे.

पण बिगरनागरिकाने अपिलाचा कागद भरण्याआधी इमिग्रेशनच्या वकिलाला गाठावं, आणि क्रिमिनल बाजूही जाणणारा मिळाला तर उत्तम. कारण खरंच काही आडवं येत असेल, तर आपण स्वतःच्या सहीने जे लिहून देऊ ते पुढे कुठेही वापरलं जाऊ शकतं. बंदुकीसंबंधीच्या गुन्ह्यात दोषी ठरणं हे ग्रीन कार्डधारकालाही देशाबाहेर काढण्याचं स्वतंत्र कारण आहे.

न्यायला जाल त्या दिवशी

फॉर्मवर पुन्हा सही करावी लागेल, कारण पहिली सही आणि ताबा यांचे दिवस वेगळे आहेत. सही करण्याआधी उत्तरं अजून खरी आहेत ना, हे बघा. मधल्या काळात कोर्टाचा आदेश निघाला असेल किंवा घर बदललं असेल तर आधी सांगा. बंदुकीवरचा सिरियल नंबर फॉर्मवरच्या नंबराशी स्वतः ताडून घ्या. पिस्तुलाबरोबर कुलूप देणं दुकानदाराला बंधनकारक आहे, ते डब्यात आहे का पाहा. घरी तिजोरी आधी बसवा, मगच बंदूक आणा.

आणि रेंजची पिशवी कायमची वेगळी ठेवा. तीच पिशवी पुढे विमानप्रवासाला निघते आणि कप्प्यात विसरलेलं एखादं काडतूस भारतातल्या विमानतळावर एक्स-रेत दिसतं. एकच जिवंत काडतूस असलं तरी १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली गुन्हा नोंदवला जातो, आणि गावाकडची सुट्टी पोलीस ठाण्यात आणि कोर्टात जाते. भारतात निघताना ती पिशवी घरीच राहू द्या, कपड्यांसाठी दुसरी घ्या.